पांढरे रुमाल

विमान बदलण्यासाठी ब्युनॉस आयर्सला नऊ तास थांबायचे होते. तेवढ्यात अर्जेंटिनाची राजधानी काय पाहून होणार? तरी बसने शहरात गेलो व प्लाझा दे मायो चौकात उतरलो. समोर राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा. पण नजर खिळली ती पायांखालच्या फरशीवर. तेथे पांढरे रुमाल रंगविलेले होते.

१९७६ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो माणसे नाहीशी झाली. त्यांत तरुणच अधिक. मुलांचा ठावठिकाणा विचारण्यासाठी ३० एप्रिल १९७७ रोजी १४ आया येथे जमल्या. जमावाने उभे राहण्यास बंदी होती. ‘चालत्या व्हा’ म्हणून पोलिसांनी दटावले. त्या खरोखरच चालू लागल्या, चौकातच! पुढे परस्परांना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला बांधली ती बाळोती. त्यांच्यापैकी तिघींना त्याच वर्षी पळवून ठार मारण्यात आले. तरी दर गुरुवारची फेरी थांबली नाही. १९८३ साली लष्करशाही गेली, तरीही नाही.

तो गुरुवारच होता. साडेतीनला फेरी निघाली. चाकांच्या खुर्चीत एक आजी, मागे विद्यार्थी. मीही त्यांत मिसळलो. आजींच्या छातीवरच्या छायाचित्रातला मुलगा आपल्या वर्गातल्या कुणासारखाही दिसत होता. त्याचे वय विशीतच थांबले होते. आईने मात्र नव्वदी ओलांडली होती.