साठ ते सत्तर

पावसाळ्यातल्या एका सकाळी शाळेच्या पायरीवरून पाय घसरला आणि वरचे समोरचे दोन दात गेले. एक मुळापाशी मोडला, दुसरा अख्खा बाहेर आला. तो मी पदराने खसाखसा पुसला, रुमालात गुंडाळला आणि साताऱ्याला दवाखान्यात पोचले तोवर अडीच तास उलटले होते. डॉक्टरबाई हळहळल्या. निखळलेला दात मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवला आणि लगेच आणला, तर पुष्कळदा तो पुन्हा बसवता येतो. मी तो पुसला होता, सुकवला होता. आमच्या शाळेतल्या प्रथमोपचार पेटीवर आता ही सूचना माझ्या अक्षरात चिकटवलेली आहे.

मी पहिलीला शिकवते. त, थ, द, ध, स ही अक्षरं दातांच्या आधाराने उभी राहतात. ‘चमचा’तला च आणि ‘जागा’तला ज यांनाही तोच आधार. तेवीस वर्षं मुलांच्या जिभेवर ती बसवली आणि आता माझ्याच तोंडून हवा निसटू लागली. मी फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले. एका दुपारी पुढचा दात पडलेली एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुमचा दात कौलावर टाकला का? टाका. नवा येतो.” त्या दिवशी मी पुन्हा वर्गाकडे तोंड केलं. पहिलं ऋण तिचं.

दुसरं डॉक्टरबाईंचं. ब्रिज केला तर शेजारचे धडधाकट दात घासावे लागतील, म्हणून त्यांनी इम्प्लांट सुचवलं. समोरच्या दातांच्या पुढ्यातलं हाड फार पातळ, बहुतेकदा एक मिलिमीटरही जाड नसतं. दात गेला की ते झिजतं आणि हिरडीही आक्रसते. म्हणून त्यांनी हाडाची पूड भरली, टायटॅनियमचे स्क्रू रोवले आणि चार महिने थांबल्या. मग तात्पुरते दात लावून हिरडीला हळूहळू वळण दिलं. टायटॅनियमभोवती हाड घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या १९५२च्या सुमारास सशाच्या हाडावर वेगळाच अभ्यास करताना लक्षात आलं. हाडात बसवलेलं उपकरण निघेचना! १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले आणि ते त्याला चाळीस वर्षं, मरेपर्यंत पुरले. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा माझी भीती निम्मी झाली.

तिसरं ऋण ज्यांचं, त्यांना पेशंट सहसा पाहतच नाहीत. माप लॅबमध्ये जातं, दात परत येतात. पण डॉक्टरबाईंनी मला तिकडे धाडलं. माडीवरची खोली, खिडकीशी टेबल, आणि तिथे साठीचे एक काका बारीक ब्रशने सिरॅमिकचे थर चढवत बसलेले. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, माझ्या गुलाबी पदरावर करडं कापड टाकलं. रंगाची झाक दातावर पडते म्हणे. सोळा छटांची पट्टी माझ्या दातांशी धरून ते क्षणभर पाहत, मग नजर करड्या कापडावर टेकवून पुन्हा पाहत. “तोंड मिटा, ओठ ओले करा. दात सुकला की पांढरा दिसतो.”

मी म्हटलं, “काका, छान पांढरेशुभ्र करा.”

“शेजारचे दात सेहेचाळीस वर्षांचे आहेत, बाई. यांनीही तेवढंच वय दाखवलं पाहिजे. हसतानाचा जुना फोटो आहे?”

वर्गासोबतचा एक फोटो होता. त्यात माझा डावा दात उजव्यावर किंचित चढलेला. तेच वळण त्यांनी ठेवलं, कडेशी निळसर पारदर्शक झाक आणली, केसासारखी एक रेघही ओढली. दात बसवून पाहिले तेव्हा ते म्हणाले, “साठ ते सत्तर म्हणा.” सहासष्टला बारीक शीळ वाजली. त्यांनी दात काढून घेतले आणि मागची बाजू पातळ केली. आरशात काहीच बदललं नव्हतं, पण स जागेवर आला.

शाळेत कुणीच काही विचारलं नाही. सहकाऱ्यांना वाटलं, मी बरी दिसते आहे, एवढंच. काकांची सारी मेहनत याचसाठी होती, की ती कुणाच्या नजरेत भरू नये. जे दिसत नाही त्याचे आभार लोक कसे मानणार? म्हणून ते मीच मानायचे.

वर्षभराने कंदी पेढे घेऊन माडी चढले. काका टेबलाशी होते. मी हसले, तरी ते माझ्या दातांकडे पाहिनात. म्हणाले, “म्हणा.”

मी सुरुवात केली. साठ, एकसष्ट, बासष्ट... ते डोळे मिटून ऐकत होते. सहासष्टला त्यांची भुवई किंचित हलली आणि स्थिरावली. सत्तर झाल्यावर त्यांनी अर्धा पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि समोरच्या साच्यावरचा, कुणा दुसऱ्याचा, दात उजेडाकडे धरला.