फॉस्फेटचा माग

बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत कसा पोहोचतो, या प्रश्नापाठी माझी संशोधनातली सगळी वर्षं गेली. ईजीएफ हे पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटलं की दोन ग्राही जवळ येतात आणि एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. तिथून एकामागून एक प्रथिनं कामाला लागतात आणि वर्दी केंद्रकापर्यंत जाते. सुरुवात काही सेकंदांत होते. फॉस्फेट उतरवणारी विकरंही लगेच पुढे सरसावतात, त्यामुळे उशीर केला तर हाती काही लागत नाही.

म्हणून आमचं सगळं काम घड्याळाच्या काट्यावर. आदल्या रात्री सीरम काढून पेशींना उपाशी ठेवायचं, सकाळी ईजीएफ घालायचं आणि ठरल्या मिनिटाला डिश बर्फावर. पेशी फोडताना फॉस्फेट टिकावं म्हणून द्रावणात सोडियम ऑर्थोव्हॅनडेट लागतं. ते पिवळं द्रावण पाण्यासारखं नितळ होईस्तोवर उकळायचं, गार झालं की पीएच पुन्हा १० वर आणायचा, परत उकळायचं. लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला द्यायचे. या कामात ज्याचं मन रमतं तो संशोधनात टिकतो, असं माझं ठाम मत आहे. अँटिबॉडीने प्रथिनं ओळखण्याच्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीतला मेम्ब्रेन एरवी दुधाच्या पावडरीत भिजवतात. आम्ही मात्र दूध टाळायचो, कारण दुधातल्या केसिनवर मुळातच फॉस्फेट असतं. त्याऐवजी बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन वापरायचो. मग डार्करूम, लाल दिवा आणि डेव्हलपरमध्ये हळूहळू काळी होत जाणारी पट्टी. शून्य मिनिटाच्या रकान्यात काही नाही, पाचव्या मिनिटाला गडद, तासाभरानंतर फिकी. अशी फिल्म मी पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून पाहत असे.

अँटिबॉडी परदेशातून ड्राय आइसमध्ये यायच्या. एकदा कागदपत्रांसाठी खोकं अडकून राहिलं. हाती आलं तेव्हा ड्राय आइस पार उडून गेला होता आणि वर्षाच्या अनुदानातला मोठा वाटा त्या बाटल्यांत होता. त्या वर्षी एका विद्यार्थिनीचा प्रबंध लांबला. याचं दुःख मला अजून आहे.

टायरोसिनवर फॉस्फेट चढतं हे १९७९ पर्यंत कोणाला माहीत नव्हतं. तोवर फॉस्फेट म्हटलं की सेरिन आणि थ्रिओनिन. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर विषाणूंच्या प्रथिनांवर काम करत होते. प्रथिनांतली अमिनो आम्लं ठिपक्यांच्या रूपात वेगळी करताना त्यांनी वापरलेलं बफर जुनं होतं, त्याचा पीएच १.९ वरून १.७ पर्यंत उतरला होता. त्यामुळे एरवी थ्रिओनिनच्या ठिपक्यात मिसळून जाणारा फॉस्फोटायरोसिनचा ठिपका वेगळा दिसला. याला नशीब म्हणतात, ते मला मान्य नाही. ठिपका नेहमीच्या जागी नाही हे ओळखायला आणि तो काय आहे याचा छडा लावायला तयारीचा माणूस लागतो.

टायरोसिनवरच्या या फॉस्फेटचा धागा एका आजारापर्यंतही जातो. फिलाडेल्फियात १९६० मध्ये क्रोनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडलं होतं. त्यातून बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारं टायरोसिन कायनेज, म्हणजे टायरोसिनवर फॉस्फेट चढवणारं विकर, तयार होतं, हे पुढे उलगडलं. त्याला रोखणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. पहिल्या निरीक्षणापासून एक्केचाळीस वर्षं! माझ्या ओळखीचे एक गृहस्थ रोज ती गोळी घेऊन बँकेत कामाला जातात. या शोधात माझा वाटा काहीच नाही. पण विद्यार्थ्यांना फॉस्फेट शिकवताना मला ते गृहस्थ नेहमी आठवत.

तुमच्या घरात कोणी मुलगा किंवा मुलगी जीवशास्त्रात पीएचडी करत असेल, तर जेवताना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आज प्रयोगात काय दिसलं, ते विचारा आणि शेवटपर्यंत ऐकून घ्या.