विजेचा जमाखर्च

बी.कॉम. झालेल्या माणसाचा विजेशी संबंध महिन्यातून एकदाच येतो, आणि तोही बिलापुरता. शाळेत आम्हीही ते धडे गिरवलेले असतात. पण दहावीचा निकाल लागला की ओहम, व्होल्टा आणि अँपियर ही मंडळी जो निरोप घेतात, ती पुन्हा आपल्या उंबऱ्याला पाय लावत नाहीत. पुढे आयुष्यात कधी दिवे गेलेच, तर पहिल्यांदा बटण दोनचारदा खालीवर करायचं आणि मग खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघायचं. "त्यांच्याकडेही गेलीय" या वाक्याने जो गारवा मिळतो, तो पंख्याने कधी दिलेला नाही.

आमची कन्या नववीत गेली आणि ही जुनी मंडळी 'धाराविद्युत' या नावाने पुन्हा घरात शिरली. एके रात्री पुस्तक घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

"बाबा, घटाच्या एका टोकातून जेवढी धारा निघते, तेवढीच दुसऱ्या टोकाला परत येते. दिव्यातून जाताना ती जराही कमी होत नाही. मग तुम्ही दर महिन्याला बिल कसलं भरता?"

प्रश्न रास्त होता. 'पूर्ण रक्कम परत केल्यावर बँक पैसे कापत नाही,' असं छातीठोकपणे सांगता आलं असतं, तर तोच दाखला दिला असता. पण बँकेत नोकरी असल्यामुळे तो टाळला.

म्हटलं, "हे बघ, मी सकाळी डोंबिवलीहून निघतो आणि रात्री डोंबिवलीलाच उतरतो. गेलो एक, आलोही एकच. मग दिवसभरात खर्च काय झालं?"

"जीव," ती तात्काळ म्हणाली.

पुस्तकात याला ऊर्जा म्हणतात. गिऱ्हाइकागणिक माझी जी उतरते, तीच दिव्यात उजेड होते आणि गीझरात ऊन पाणी. बिल असतं ते त्याचं. आपल्या घरातल्या विजेची गंमत तर आणखी पुढची. तारेतले इलेक्ट्रॉन वीजकेंद्राहून आपल्याकडे येतच नाहीत. सेकंदाला ५० वेळा तिथल्या तिथे अप-डाऊन करत राहतात. पोचत कुठेच नाहीत, पण काम होतं. लोकलचा पास काढणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग आमची गाडी रुळावर आली. परिपथ बंद हवा, म्हणजे जायची वाट तशी यायचीही वाट हवी. ती मध्येच तुटली की धारा थांबली. विभवांतर म्हणजे मागून येणारा रेटा, रोध म्हणजे वाटेतली अडवणूक. रेट्याला अडवणुकीने भागलं की धारा मिळते. हे ओहमसाहेबांनी १८२७ साली छापून ठेवलं. आमच्या २००० वॅटच्या गीझरचा रोध सुमारे २६ ओहम. २३० व्होल्टला भागा, ८.८ अँपियर. अर्धा तास चालवलात की एक युनिट झालं.

एकसर जोडणी म्हणजे एका खिडकीवर फॉर्म, दुसरीवर सही, तिसरीवर शिक्का. शिक्केवाला जेवायला उठला की सगळी रांग ठप्प. समांतर जोडणी म्हणजे शेजारी-शेजारी पाच कॅश काउंटर. एक बंद पडला तरी चार चालू. घरातलं वायरिंग या दुसऱ्या पद्धतीचं, म्हणून न्हाणीघरातला दिवा गेल्यावर फ्रिजमधलं दूध नासत नाही. मात्र काउंटर वाढवत गेलात की मुख्य दारातून आत येणारी गर्दीही वाढते. गीझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की दारावरचा रखवालदार, पूर्वीचा फ्यूज नि आताचा एमसीबी, दारच बंद करून टाकतो.

सर्वांत जवळचा वाटला तो किरखॉफ. तारांच्या सांध्यात जेवढी धारा येते, तेवढीच बाहेर पडते, हा त्याचा नियम. अहो, ही तर आमची रोजची कॅश टॅली! १८४५ साली, अवघ्या २१व्या वर्षी, विद्यार्थी असतानाच त्याने हे मांडलं. असा मुलगा कॅश खात्यात मिळता तर आमचे मॅनेजर वेळेवर घरी गेले असते.

"आणि टॅली लागली नाही तर?" कन्येने विचारलं.

"तर मधल्या मध्ये कुठेतरी गळती आहे. शोधायची."

ती क्षणभर गप्प झाली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आजी म्हणत होती, गीझरच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात."

आई आठवडाभर हे सांगत होती आणि खापर स्वतःच्या वातावर फोडत होती. आमच्या हिने त्याच पावली जाऊन गीझर बंद केला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. गीझरची कॉइल गळत होती. पण खरा प्रकार प्लगाच्या मागे निघाला. अर्थिंगच्या तिसऱ्या भोकाला तार होती, पण ती भिंतीत वीतभर जाऊन संपली होती. घर बांधणाऱ्याने ती केवळ शोभेला घातली होती! गळलेल्या विजेला जमिनीत उतरायला वाटच नव्हती. तिला वाट मिळत होती ती आईच्या हातातून.

वायरमनने कॉइल बदलली, अर्थिंग नीट केलं आणि मीटरजवळ एक खोकं बसवलं. "साहेब, ही आरसीसीबी. आत किती गेली, परत किती आली, दोन्ही मोजते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की लाइन बंद."

तीस मिलिअँपियर म्हणजे एका अँपियरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. मी त्या खोक्याकडे आदराने पाहिलं. आमच्याकडे टॅली लागली नाही, तर माणसाला रात्रीपर्यंत बसवून ठेवतात. हा गृहस्थ डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल देतो, आणि ओव्हरटाइमही मागत नाही.

त्या खोक्यावर 'टेस्ट' असं लिहिलेलं एक बटण आहे. महिन्यातून एकदा दाबून पाहा, असं वायरमन सांगून गेला. ते काम आईने स्वतःकडे घेतलंय. एक तारखेला पेन्शन जमा झाल्याची खात्री केली की ती बटण दाबते. घरभर अंधार होतो, टीव्हीवरची सासू वाक्य अर्धवट टाकून नाहीशी होते, कन्या ओरडते. आई शांतपणे खटका वर करते आणि म्हणते,

"टॅली आहे हो!"