किल्ल्यांचा जुडगा

1983 च्या मे महिन्यात इंदूरच्या रामबागेतले आमचे घर आम्ही बडोद्याच्या एका कुटुंबाच्या स्वाधीन केले आणि त्यांच्या दांडिया बाजारातल्या घरी तीन आठवडे राहावयास गेलो. धर्मशाळा नको, नातलगांवर भार नको. ह्यांच्या मित्राने जुळविलेली ही अदलाबदल मलाही पसंत होती. तरी निघण्यापूर्वी भांड्यांचे, कपड्यांचे आणि लोणच्यांचे अशी तिन्ही कपाटे मी कुलूपबंद केलीच. परके ते परकेच!

बडोद्यास पोचलो, तो तिथे एकाही कपाटाला कुलूप नव्हते. फडताळात मेतकूट, बरणीत मुरांबा, आणि खाली चिठ्ठी : ‘घर आपलेच समजावे. तुळशीला पाणी घालावे.’

कीर्ती मंदिरातले नंदलाल बोस यांचे ‘गंगावतरण’ मुले डोळे भरून पाहत होती. माझा हात मात्र पिशवीतल्या जुडग्यावर होता.

परतल्यावर शेजारच्या काकूंनी सहज सांगितले, की बडोद्याच्या आजी त्यांच्याकडे वाटीभर लोणचे मागावयास आल्या होत्या. आजींच्या आभाराच्या पत्रात याचा उल्लेखही नव्हता. मी उत्तर तीनदा लिहिले, तीनदा फाडले. शेवटी मुरांब्याची कृती तेवढी विचारली आणि पत्र पेटीत टाकले.