काही नाही

शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना असायचा. आम्ही चारही भावंडं तिथे कुणाला न विचारता ‘काही नाही’ लिहून मोकळे व्हायचो. अम्मी फजरच्या आधी उठायची, डबे भरायची आणि दुपारभर मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवायची. त्या पैशांतून आमची फी जायची. तरी काही नाही! अब्बांनीही ते कधी खोडलं नाही. खाली सही मात्र केली.

अम्मीचाही हा आवडता शब्द. “डोळे का लाल?” “कुछ नहीं.” “जेवली का नाहीस?” “कुछ नहीं.” आम्ही तेवढ्यावर खेळायला पळायचो.

गेल्या रमजानमध्ये आमची भाची सौदीत छापलेला कुरआन उघडून बसली होती. ती मराठी शाळेत चौथीला. आयतीचा क्रमांक बघून म्हणाली, “नानी, शून्य!” अम्मी हसली. “बेटा, तो गोल म्हणजे पाच. शून्य हा, छोटा ठिपका.”

त्यावरून विषय निघाला. ‘शून्य’ आपल्याकडचं. ते आकडे बगदादला पोचले, नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि अरबांनी शून्याला म्हटलं सिफर, म्हणजे रिकामं. सिफरवरून युरोपात ‘झीरो’ झाला आणि त्याच शब्दावरून ‘सायफर’, म्हणजे गुप्त लिपीही. भाऊ म्हणाला, “मग अम्मीचं ‘कुछ नहीं’ सायफरच की. आपण कुणी वाचलंच नाही.” हसायला सगळे हसलो, पण नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

हदीसमध्येही हा शब्द आहे. दुआसाठी उचललेले हात ‘सिफर’ परत करायला अल्लाहला हया वाटते, असं सलमान फारसी (रजि.) यांच्या रिवायतीत येतं. अम्मीने आमच्यासाठी किती वेळा हात उचलले असतील! आणि फॉर्मवर तिच्या हातांचा हिशेब आम्ही सिफर लिहिला.

मागच्या महिन्यात तिच्या बँकेचा फॉर्म भरायचा होता. व्यवसायाच्या रकान्यापाशी आम्ही पहिल्यांदाच थांबून विचारलं, “काय लिहू?”

“लिख ना, कुछ नहीं.”

आम्ही ‘शिवणकाम’ लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. चष्मा लावून तिने तो बराच वेळ वाचला.

“पिको-फॉल भी लिख,” म्हणाली.