कंस कुठे संपला?

परवा नात पुण्याहून आली ती लॅपटॉप घेऊनच. लिनक्स कर्नेलमधल्या एका ड्रायव्हरवर तिचं काम चालू आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पडद्यावर दर चार ओळींनी #इफडेफ, #एन्डिफ दिसायला लागलं तेव्हा विचारलं, "हे काय गं सारखं?"

"आजोबा, एकच मजकूर अनेक यंत्रांसाठी असतो. ही सोय निवडली असेल तर या ओळी घ्यायच्या, नसेल तर कंपायलरपर्यंत जाऊच द्यायच्या नाहीत."

माझ्या पोटात कालवलं. 1984 साली नववीला संस्कृत शिकवत होतो. काही मुलांचं संपूर्ण संस्कृत, काहींचं हिंदीबरोबर संयुक्त. स्टेन्सिल वाचवायला मी दोघांची प्रश्नपत्रिका एकच काढली. मध्येच 'फक्त संपूर्णसाठी' असं लिहिलं. ते कुठे संपतं, ते मात्र लिहायचं राहिलं. संयुक्तवाल्या बाकीच्यांनी उठून विचारलं. एक बुजरा मुलगा होता, त्याने पुढचा दहा गुणांचा प्रश्न आपला नाही समजून सोडून दिला. चार गुणांनी गेला. मी गुण द्या म्हणून भांडलो, पण निकाल लागून गेला होता. जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही.

हे मी नातीला सांगितलं नाही. "मग घोटाळे होत नाहीत का?" एवढंच विचारलं.

होतात म्हणे. न निवडलेल्या ओळी कंपायलर वाचतच नाही, त्यामुळे त्यांतल्या चुका महिनोन् महिने तशाच राहतात. म्हणून कर्नेलचा रिवाज असा, की .सी फाइलीत शक्यतो इफडेफ नको. ते हेडर फाइलीत ठेवायचं : सोय असेल तर खरं फंक्शन, नसेल तर त्याच नावाचं रिकामं. बोलावणाऱ्याने बिनशर्त बोलवावं. किंवा साध्या 'इफ'मध्ये इझ-एनेबल्ड वापरायचं. मग कंपायलर त्या ओळी वाचतो, चुका दाखवतो आणि नको असतील तर मागाहून गाळतो. (त्या ओळींतली नावंच अस्तित्वात नसली, तर मात्र इफडेफशिवाय गत्यंतर नाही.)

"आणि लांबलचक तुकडा असेल तर एन्डिफसमोर कोणती अट संपली ते लिहायचं."

मी चष्मा पुसला. खाली एक एन्डिफ तसंच मोकळं होतं, वरची अट पार वरच्या पानावर. त्यावर बोट ठेवलं.

"अय्या, हो की," म्हणाली आणि लिहून टाकलं.