अपडाऊन थांबले : मुलचेऱ्यात घर घेताना

नोकरदार माणसाने घर घेतले म्हटले की सोयरेधायरे विचारतात, "नागपूरला घेतले की चंद्रपूरला?" आम्ही मुलचेऱ्याला घेतले असे सांगितले तेव्हा आमचे मेव्हणे क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाऊजी, लोकांची तिकडे शिक्षा म्हणून बदली होते. तुम्ही पदरचे पैसे देऊन शिक्षा विकत घेतली!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्या थट्टेचे उत्तर मनात राहिले होते, ते आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. घर घ्यायचा विचार आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत चालू असतो, त्यांना त्यातले काही उपयोगी पडेल.

मुलचेरा कुठे आहे हे आधी सांगितले पाहिजे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागातील हा लहानसा तालुका. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे येणारा आणि गडचिरोलीहून चामोर्शीमार्गे येणारा असे दोन्ही रस्ते वैनगंगेकाठच्या आष्टीला मिळतात. तेथून आलापल्लीच्या हमरस्त्याने चपराळा अभयारण्याच्या जंगलाकडेने जायचे आणि लगामकडून आत वळायचे. जिल्ह्यात रेल्वे पाहायची तर पार उत्तरेला वडसा-देसाईगंज गाठावे लागते. आम्हा लोकांना त्यापेक्षा चंद्रपूर जिल्ह्यातले बल्लारशाह सोयीचे. २०१५ साली मुलचेऱ्याला नगरपंचायत झाली, म्हणून कागदोपत्री ते शहर. प्रत्यक्षात एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना कचेऱ्या, दुकाने, शाळा, आणि मागे लगेच धानाच्या बांध्या.

आम्ही येथे एका कार्यालयात कारकून. पहिली काही वर्षे आष्टीला भाड्याने राहून अपडाऊन केले. आमच्या जिल्ह्यात हा शब्द लहान पोरालाही कळतो. मुख्यालयी राहतो असे लिहून द्यायचे, घरभाडे भत्ता घ्यायचा आणि चार वाजल्यापासून परतीच्या बसकडे कान लावून बसायचे. दाखल्यासाठी आतल्या गावाहून पायी आलेला माणूस चार वाजून दहा मिनिटांनी टेबलापुढे उभा राहिला की आपल्याच तोंडून निघते, "उद्या या." समाजकार्यकर्ता म्हणवून घेणाऱ्या आम्हीही ते म्हटले आहे. एकदा नाही, पुष्कळदा.

शेवटी बी.कॉम. झालेल्या माणसाने जे करायचे ते केले, हिशेब मांडला. जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर सव्वासहाशे तास, म्हणजे पुरते सव्वीस दिवस आणि सव्वीस रात्री. वर्षाकाठी जवळजवळ एक महिना आम्ही बसमध्ये आणि थांब्यावर घालवत होतो. मुलांच्या आईने तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "हा महिना मुलांच्या वाट्याचा आहे." त्या दिवशी घर शोधायचे ठरले. ही २०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट.

जागा दाखवणारे लोक गावात लगेच उगवतात. सुरजागडच्या लोहखाणीचे काम वाढले, आष्टीजवळ कोनसरीला लोखंडाचा प्रकल्प आला, तेव्हापासून आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉटची भाषा आहे. एका मध्यस्थाने रस्त्याला लागून उत्तम जागा दाखवली. उंचवट्यावर, मोहाची दोन झाडे, विहिरीला पाणी. भाव गडचिरोलीच्या मानाने चौथा हिस्सासुद्धा नाही. एवढी स्वस्त कशी, असे विचारले तर म्हणाला, "बाबूजी, जागा गोंडाची आहे. खरेदी लागत नाही, म्हणून स्वस्त. आपण नोटरी करू. सातबारा त्याच्या नावाने राहील, कब्जा तुमचा. नाही तर ओळखीच्या एखाद्या आदिवासी कर्मचाऱ्याच्या नावाने घेऊन टाका. सगळे करतात."

कायदा आम्हाला ठाऊक होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे, ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा पट्ट्याने देता येत नाही. कायमच्या विक्रीला त्यावर शासनाचीही मान्यता लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घेणारा कोणी आदिवासी नाही, हेही आधी पाहावे लागते. हा नियम केवळ अनुसूचित क्षेत्रातला नाही, साऱ्या राज्याचा आहे. त्याआधीच्या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी १९७४ चा वेगळा कायदा आहे. स्टँपपेपरवरच्या नोटरीने त्यात तिळमात्र फरक पडत नाही. तो कागद म्हणजे घेणाऱ्याच्या मनाची समजूत.

हे सारे माहीत असूनही दोन रात्री आम्ही त्या जागेवर मनातल्या मनात घर बांधले, हे कबूल केले पाहिजे. त्याच आठवड्यात २६ नोव्हेंबर होता. संविधान स्वीकारल्याला ७५ वर्षे झाली म्हणून विहारात आमचे भाषण ठेवले होते. तयारीला बसलो आणि वहीच्या शेवटच्या पानावर खोल्यांचा नकाशा काढत राहिलो. मुलांच्या आईने तो पाहिला. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्या आजोबांची बांधी अशीच गेली होती. अंगठा लावला आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याच बांधीत रोवण्याला मजुरीने गेले."

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाला बाजूला ठेवून आम्ही जमीनमालकाच्या घरी गेलो. पन्नाशीचा गोंड शेतकरी. मुलीच्या लग्नाचे कर्ज अंगावर होते. आम्ही कायदा समजावून सांगितला, "हा व्यवहार करू नका, तुमचे नुकसान आहे," म्हटले. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "बरं जी, मग पैसा कोण देईल?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बँकेच्या कर्जाचा अर्ज भरून दिला, दोनदा सोबत गेलो. काम होईपर्यंत त्याला दम निघाला नाही. आज त्या जागेभोवती सिमेंटचे खांब आणि तारेचे कुंपण आहे. कोणी घातले ते गावाला माहीत आहे, सातबाऱ्याला माहीत नाही. कचेरीत जाताना तो रस्ता आम्हाला टाळता येत नाही.

दुसरी जागा एका नव्या लेआऊटमधली. मुरूम टाकलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या. येथे जुने अभिलेख काढून पाहिले तर नोंद निघाली "झुडपी जंगल". विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ही नोंद पावलोपावली सापडते. पुढे २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, झुडपी जंगलाच्या जमिनी या वनजमिनीच होत असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केले असेल तर केंद्राच्या मंजुरीने ते नियमित होण्याचा मार्ग ठेवला. त्यानंतरच्या वाटपाचा हिशेब वेगळा. ज्यांनी आमच्या आधी इसार दिला होता ते आजही त्या चुन्याच्या रेघा शोधत फिरतात. म्हणून हात जोडून सांगतो, नुसता आजचा सातबारा पाहून इसार देऊ नका. मागचे फेरफार काढा, भोगवटादार वर्ग-१ की वर्ग-२ ते पाहा, इतर अधिकाराचा रकाना वाचा. न कळल्यास दोनशे-पाचशे देऊन वकिलाला दाखवा. आयुष्याची कमाई त्या रकान्यात बुडालेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

वर्ग-२ म्हणजे काय हे आम्हाला सर्वांत चांगले समजावले ते एका बंगाली आजींनी. आमच्या तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांची गावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या बंगाली कुटुंबांना शासनाने १९६० नंतर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवले, त्यांची ही गावे. घरापुढे तुळस, मागे मासळीचे तळे, शेतात धान. आजींकडे सासऱ्यांना मिळालेला जमीनवाटपाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून पेटीत ठेवलेला. "बाबू, ही जमीन सरकारने दिली, म्हणून विचारल्याशिवाय विकायची नाही," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "तिकडे आमचे घर होते, कागद पण होता. घर राहिले तिकडे, कागद पण राहिला." माहेर विचारले तर म्हणाल्या, खुलना. आम्ही एकदम सावरून बसलो. १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेवर पाठवले ते बंगालने. जेसोर-खुलना भागातून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठिंब्याने ते निवडून गेले होते. हे आजींना सांगितले. त्यांना बाबासाहेब ठाऊक होते, ही निवडणूक नव्हती. त्यांनी नातवाला हाक मारली आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले.

शेवटी जे घर मिळाले ते आजींच्याच ओळखीने. नोकरीनिमित्त येऊन राहिलेले एक कुटुंब निवृत्तीनंतर आपल्या गावी परत जात होते. गावठाणातली जागा, दोन खोल्या, पुढे छपरी, मागे सांदवाडीत एक सीताफळ आणि हातपंप. वर कवेलू, तेही अर्धे फुटलेले. पण मागच्या खरेदीखतांची साखळी अखंड आणि कराच्या पावत्या ओळीने लावलेल्या. खरेदी मुलांच्या आईच्या नावाने केली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावाने राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. कचेरीत सही करताना त्यांचा हात थोडा थरथरला. घरी आल्यावर त्यांनी त्या कागदावर ओला हात लागू नये म्हणून तो तीनदा गुंडाळला.

गावाची खोटी तारीफ करायची नाही. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी बाहेर ठेवावेच लागेल. मोठे दुखणे आले तर अहेरी किंवा गडचिरोली. मच्छरदाणीशिवाय झोपायचे नाही, मलेरिया येथे पाहुणा नव्हे, घरचा आहे. वीज जाते, रेंज जाते, आणि हमरस्त्यावर जड ट्रकांच्या रांगा. वाघाच्या भीतीने सरपणाला बाया एकट्या जात नाहीत. पूर्वी अंधार पडला की दारे लागत ती दुसऱ्याच भीतीने. ती आता ओसरली आहे; २०२५ च्या ऑक्टोबरात माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठ जणांसह गडचिरोलीत शरण आला, तेव्हा आमच्या ओळीतली माणसे उशिरापर्यंत रस्त्यावर खुर्च्या टाकून बोलत बसली होती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही नव्या घरात होतो. कवेलू फेरले होते तरी दोन ठिकाणी गळत होते, खाली भांडी मांडली होती. दिना नदी फुगली, नाले भरले, रस्ते बंद झाले. सकाळी आष्टीहून सहकाऱ्याचा फोन आला, "पूल उघडला का हो? बस येते का?" आम्ही छत्री घेतली, मुलालाही सोबत घेतले, आणि पाणी किती चढले ते पाहून आलो. फोन करून "अजून नाही" म्हणून कळवले. मग जेवून, पायी सात मिनिटांत कार्यालयात गेलो आणि कुलूप उघडले. पायऱ्यांवर दोन माणसे गोणपाट पांघरून बसली होती. पाणी चढायच्या आदल्या संध्याकाळीच गावात येऊन अडकली होती. दाखला हवा होता.